दीड इंच

"काका, आता तरी चहा घ्या. तिसऱ्यांदा गरम केलाय," मागच्या दारातून बाई म्हणाल्या.

"एवढी पट्टी निघू दे," लेव्हलकाका म्हणाले आणि गुडघ्यांवर रांगत पुढे सरकले.

रंग सुकत आला की चिकटपट्टी सावकाश ओढायची आणि खालून पांढरी रेघ स्वच्छ निघताना बघायची, हा या धंद्यातला एकच सुखाचा भाग. बाकी सगळी हमाली. बाईंच्या घरामागचं हे बॅडमिंटनचं कोर्ट दोन महिने चाललं होतं. खोदाई झाली, खडी झाली, काँक्रीट महिनाभर मुरलं. मग पाणी सोडून तासभर वाट पाहिली आणि जिथे नाणं बुडेल इतकं पाणी साचलं होतं ते खळगे भरले. हिरव्या रंगाचे तीन हात दिले. कोर्ट नातवंडांसाठी असणार असं सगळे धरून चालले होते. पण मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईंनी ते स्वतःसाठी आणि नणंदेसाठी करून घेतलं होतं. दोघींनी साठी ओलांडलेली, आणि एकेका गुणावरून हमरीतुमरीवर येणाऱ्या. पहिला सामना उद्या सकाळी ठरला होता.

काकांचं खरं नाव विचारलं तर कामगार एकमेकांकडे बघत. जमिनीची लेव्हल नुसत्या नजरेने सांगायचे, म्हणून तीस वर्षं ते लेव्हलकाकाच. पण कंबर धरली तेव्हा खोदाई सुटली, गुडघे गेले तेव्हा रोलर सुटला. एके काळी त्यांच्याच हाताखाली घमेली उचलणारा मुलगा पुढे जावई झाला आणि धंदाही त्याने सांभाळला. काकांकडे उरली ती आखणी. मापं घ्यायची, रेघा मारायच्या. मुलगी मागे लागली होती, "बाबा, पुरे आता. तुम्हाला दिसत नाही नीट." त्यावर त्यांनी तोऱ्यात सांगून टाकलं होतं, "आखणीत चूक निघेल त्या दिवशी घरी बसेन."

शेवटची पट्टी निघाली. काका खांबाला धरून उठले, आणि सवयीने जाळीखालून सर्व्हिसच्या रेघेपर्यंत टाचेला बोट जोडत चालले. सात बूट झाले की पुढे अंगठ्याएवढी जागा उरते आणि मग रेघ लागते. उरली. मग ते वळून दुसऱ्या बाजूला गेले. सातव्या बुटाचं टोक पांढऱ्यावर पडलं.

त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा पांढऱ्यावरच.

चूक काय झाली ते त्यांना तत्काळ कळलं. जाळीपासून साडेसहा फूट मोजायचे आणि रेघ त्या खुणेच्या पलीकडे मारायची. त्यांनी ती खुणेच्या अलीकडे मारली होती. रेघेच्या जाडीइतका फरक, दीड इंच. पोरसवदा कामगार करतात ती चूक. जावयाने पहिल्या वर्षी हीच केली होती, तेव्हा काकांनी चारचौघांत त्याची सालटी काढली होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

बाई कप घेऊन आल्या. त्यांचा चेहरा पाहून म्हणाल्या, "काय झालं? चक्कर येतेय का?"

"नाही. ही रेघ चुकलीय. दीड इंच जाळीकडे आलीय."

बाईंनी चष्मा सारखा करून पाहिलं. "मला तर काही दिसत नाही. अहो, आमच्या नणंदबाईंचा फटका दीड हात बाहेर जातो, दीड इंचाचं काय घेऊन बसलात! राहू द्या."

काका हसले आणि कप घेतला. राहू द्यायला काहीच हरकत नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाई विसरणार, नणंदबाईंना कळणार नाही, आणि आखणी त्यांच्याकडे राहणार. कप हातात धरून ते पायरीवर बसले. आपण दमलोय, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःशी कबूल करावंसं वाटलं.

चारला जावई आला. दुसऱ्या एका कोर्टावरचे कुजक्या पाल्याचे डाग धुऊन आला होता, पँट गुडघ्यापर्यंत ओली. त्याने कोर्टावरून नजर फिरवली. "झकास झालंय, बाबा. बाईंना सांगितलंत ना, ताठ ब्रशने घासू नका, आणि खुर्च्या आणून टेकवू नका म्हणून?"

"सांगितलं."

"मग आवरू या?"

काका पायरीवरून उठले. बाई दारातच उभ्या होत्या.

"पलीकडची सर्व्हिसची रेघ आत मारलीय मी," काका म्हणाले. "माझ्या हातून चुकलं."

जावई तिकडे गेला, उकिडवा बसला, टेप लावून पाहिली. बराच वेळ उठला नाही. काकांना वाटलं, आता बोलेल. बोलला असता तर बरं वाटलं असतं. पण तो परत आला आणि बाईंना म्हणाला, "मॅडम, सामना परवा करा. एवढा पट्टा हिरवा करून घेतो, सुकला की सकाळी नवीन रेघ मारतो."

"आत्ताच मापून ठेवू," काका म्हणाले.

"बसा तुम्ही. मी करतो."

"एकट्याने टेप धरता येते होय तुला?"

जावयाने टेप पुन्हा उघडली.

टेपचं मोकळं टोक धरायचं काम नेहमी हाताखालच्या माणसाचं असतं. आकडा मिस्त्री वाचतो. जावई सवयीने ते टोक उचलायला वाकला होता, तेवढ्यात काकांनी ते स्वतःच धरलं आणि जाळीकडे निघाले. गुडघा कुरकुरला. खांबाचा आधार घेत ते हळूहळू खाली बसले आणि टोक जाळीखालच्या खुणेवर अंगठ्याने दाबून धरलं.

"धरलंय," ते म्हणाले. "सांग आकडा."