अठ्ठावीसची कंबर

मंगळवारी सकाळी मास्तरांनी इस्त्री तापायला लावली, खडूला टोक काढलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "ये गं, माप देऊन जा. एकदा गिऱ्हाईकं आली की मला मान वर करायला फुरसत नाही."

मास्तर शिंपी होते, एका विमान कंपनीचे शिंपी. तिथल्या झाडून सगळ्या हवाईसुंदरींचे गणवेश त्यांच्याच मशीनवरून जायचे आणि त्यांची स्वतःची थोरली त्याच कंपनीच्या विमानात होती. बाप शिवतो नि लेक ते घालून आकाशात उडते, याचं मास्तरांना कोण कौतुक! दुकानात कुणी बटण लावायला आलं तरी त्याला ही गोष्ट ऐकल्याशिवाय सुटका नसे.

थोरली आली आणि हात जरा वर करून उभी राहिली. मास्तरांनी कमरेभोवती टेप फिरवली. आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. पंचवीस. गेल्या महिन्यात सव्वीस होती, त्याच्या आधीच्या महिन्यात सत्तावीस. टेप धरताना त्यांच्या बोटांना तिची हाडं लागली.

"जेवतेस ना नीट?"

"जेवते हो बाबा. तुम्ही पॅन्ट आत घ्या. परवा पहिली तारीख आहे."

पहिली तारीख म्हणजे काट्याचा दिवस. कंपनीने धूर कमी करायचं मनावर घेतलं होतं आणि कुणीही शहाणा माणूस त्याला नावं ठेवणार नाही. ट्रॉल्या हलक्या आल्या, विमानातली जाडजूड पुस्तकं गेली, तळणातून उरलेल्या तेलाचं इंधन मिसळायला सुरुवात झाली. विमान हलकं झालं की इंधन कमी जळतं, हा हिशेब अगदी खरा. पण हे सगळं झाल्यावर कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं, की पोरींनाही काट्यावर उभं करावं. दर पहिल्या तारखेला वजन आणि ज्या सगळ्यात हलक्या भरतील त्यांच्या छातीवर हिरव्या पानाचा बिल्ला. त्यांचा फोटो भिंतीवर लागायचा. थोरलीचा सलग चार महिने लागला होता.

घरातही तिचं कौतुकच झालं, हे सांगायलाच हवं. आत्या आली की म्हणायची, "काय छान बारीक झालीस गं! आता स्थळांची रांग लागेल बघ." आई आधी हसायची. मग एक दिवस तिला उशीखाली केसांचा पुंजका सापडला आणि तिचं हसू आटलं. लेकीची पाळी तीन महिने चुकलीय, हेही तिला ठाऊक होतं. "अहो, तुम्ही तरी बोला तिच्याशी," ती मास्तरांना रोज म्हणायची. मास्तर रोज उद्यावर ढकलायचे.

त्यांच्या गप्प बसण्याला कारण होतं. दीड वर्षापूर्वी कंपनीच्या पर्यावरण विभागाच्या मॅडमनी त्यांना बोलावलं होतं. टेबलावर प्लास्टिकच्या जुन्या बाटल्यांच्या धाग्याचं नवं कापड पसरलं होतं. मॅडम म्हणाल्या, "मास्तर, कापताना कापड फार वाया जातं. काही सुचतंय का?"

आता शिंप्याला कापडाबद्दल विचारल्यावर तो गप्प बसेल होय? मास्तरांनी तिथल्या तिथे कागद घडी घालून दाखवला. "मोठी मापं काढून टाका. अठ्ठावीसच्या वर कंबर ठेवूच नका. मग बघा, तुकडे असे एकमेकांत बसतात की कात्रण मुठीत मावेल!" खोलीत टाळ्या वाजल्या. मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त कापड होतं, त्या कापडात कुणाचं तरी शरीर असतं हे चाळीस वर्षं मापं घेणाऱ्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही. महिन्याभराने हुकूम निघाला. जिला अठ्ठावीस होत नाही, तिने तीन महिन्यांत बारीक व्हावं, नाहीतर जमिनीवरचं काम पत्करावं. तेव्हा थोरलीची कंबर तीस होती. मास्तर मूग गिळून बसले. ते आजतागायत तसेच होते.

त्या मंगळवारी त्यांनी पॅन्ट उलटी केली आणि पाहिलं, तर आत घ्यायला जागाच नव्हती. इतक्या वेळा मागची शिवण आत घेतली होती, की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना जवळजवळ टेकले होते. शिकाऊ शिंपीसुद्धा सांगेल, याच्या पुढे जाऊ नये.

"नाही घेत," मास्तर म्हणाले. "बास झालं. तू आधी पोटभर जेव, मग बोल."

"बाबा, उशीर होतोय मला."

"अगं, वारा आला तर उडून जाशील! हा काय खेळ आहे?"

"खेळ?" थोरली वळली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "प्रशिक्षणात पर्यावरणाच्या मॅडम दर वेळी सांगतात, की अठ्ठावीसची कल्पना एका अनुभवी शिंप्याची. नाव नाही सांगत त्या. पण बाबा, कंपनीला शिंपी किती आहेत?"

मास्तर खडूला पुन्हा टोक काढू लागले.

"मी कुणाला बोलले नाही," ती म्हणाली. "आईलाही नाही. तुमची मान खाली जाऊ नये म्हणून मीच कमी झाले. आता एवढी शिवण घ्या, म्हणजे झालं."

तेव्हाच त्यांनी ती पॅन्ट टराटरा फाडायला हवी होती. पण शरमेने माणसाची मती गुंग होते. मास्तर मान खाली घालून मशीनवर बसले आणि त्यांनी शिवण आणखी अर्धा इंच आत घेतली. खिसे एकमेकांवर चढले. थोरलीने पॅन्ट घातली, आरशात पाहिलं आणि "थँक्यू बाबा" म्हणून निघून गेली. आई दारात दुधाचा पेला घेऊन उभी होती. तो तसाच राहिला.

शुक्रवारी तिची वार्षिक परीक्षा होती. हवाईसुंदरी म्हणजे हसून चहा देणारी बाई, असं आपण समजतो. तिचं खरं काम वेगळंच आहे. विमानाला आग लागली, तर ते जड दार रेटून उघडायचं आणि माणसं बाहेर काढायची, हे ते काम. दरवर्षी त्याचीच परीक्षा होते. थोरलीने कडी फिरवली, खांदा लावला, रेटलं. दार हललं नाही. "पुन्हा," परीक्षक म्हणाले. तिने पुन्हा रेटलं आणि दाराशीच कोसळली. तिच्या छातीवर हिरवं पान होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना बाजूला घेतलं. "हृदय थकलंय हिचं. किती दिवसांची उपाशी आहे? घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

"आलं होतं," मास्तर म्हणाले. "दर महिन्याला मोजत होतो मी."

रविवारी कंपनीचा समारंभ होता. धूर कमी केल्याबद्दल कंपनीला मोठं बक्षीस मिळालं होतं आणि कात्रण वाचवल्याबद्दल मास्तरांचाही सत्कार होता. आई म्हणाली, "जाऊ नका. कोणत्या तोंडाने जाता?" मास्तर म्हणाले, "याच तोंडाने जातो." त्यांनी टेप गळ्यात घातली आणि निघाले.

सभागृहात पुढच्या दोन रांगा हिरवं पान लावलेल्या पोरींच्या होत्या. मोठे साहेब गुच्छ घेऊन पुढे आले. चांगले भरलेले, गोरेगोमटे, हसतमुख गृहस्थ. मास्तरांनी गुच्छ घेतला नाही.

"साहेब, जरा हात वर करा."

साहेबांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. त्यांनी हात वर केले. मास्तरांनी टेप त्यांच्या पोटाभोवती फिरवली आणि माइकजवळ तोंड नेऊन खणखणीत आवाजात सांगितलं, "बेचाळीस."

मागच्या रांगा खो खो हसल्या. पुढच्या दोन रांगांतलं कुणीच हसलं नाही.

"विमान हलकं झालंच पाहिजे," मास्तर म्हणाले. "धूर कमी झालाच पाहिजे. पण साहेबांच्या रुंद खुर्चीला काटा नाही, बड्या लोकांच्या चार-चार बॅगांना काटा नाही. काटा आहे तो या पोरींना. माझी लेक परवा दार उघडता उघडता पडली. आत माणसं असती, तर? अठ्ठावीस हा आकडा माझा आहे. माझ्या जिभेचं पाप ते. आज मी तो सगळ्यांदेखत परत घेतो. उद्यापासून माझ्याकडे चाळीसपर्यंतची मापं निघतील. चालत नसेल, तर दुसरा शिंपी बघा. आणि पोरींनो, त्यानेही अठ्ठावीस म्हटलं, तर सगळ्या मिळून दारातून परत फिरा."

पर्यावरणाच्या मॅडमनी माइक बंद केला. पुढच्या रांगेतल्या एका पोरीचा हात छातीवरच्या पानाकडे गेला. मास्तर पायऱ्या उतरले, तेव्हा तो हात अजून तिथेच होता. टेप साहेबांच्या पोटावरच लोंबत राहिली.

ते तसेच दवाखान्यात आले. आईने वाटीत पातळ भात कालवून ठेवला होता. थोरलीने डोळे उघडले. चादरीखालून एक हात बाहेर काढून तिने स्वतःच्या कमरेवर ठेवला, बोटांनी चाचपून पाहिलं.

"बाबा, सलाईनने वजन वाढतं का हो?" तिने विचारलं. "कंबर किती भरतेय, बघा ना एकदा."

"टेप नाही माझ्याकडे," मास्तर म्हणाले. "मोठ्या साहेबांकडे ठेवून आलो."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. खरंच सांगताहेत की कसं, हे तिला कळेना. मास्तरांनी चमचा भरून तिच्या ओठांजवळ नेला. तिने तोंड उघडलं नाही. मास्तरांनी हात मागे घेतला नाही. त्यांचा खांदा दुखायला लागला, भात गार झाला, आईने वाटी नेऊन पुन्हा गरम करून आणली. मास्तरांनी चमचा पुन्हा भरला आणि तिथेच धरून बसले.