उसवलेली शिवण

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईने चिमणीचा निळा फ्रॉक पुन्हा मशीनवर घेतला. दोन्ही बाजूंनी बोटभर आत. मागच्या वेळीही बोटभरच घेतला होता; बोटभराचं काय एवढं मनावर घ्यायचं!

चिमणी तिची एकुलती एक लेक. जेवली की पोट धरून बसायची. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दूध, गहू, अंडी थोडे दिवस बंद करा आणि मग एकेक जिन्नस परत सुरू करून बघा. ज्यानं दुखेल तेवढंच सोडायचं. बंद करताच दुखणं थांबलं, आणि परत सुरू करायला आईचा हात काही धजेना. उलट कुणी काही सांगितलं की आणखी एक जिन्नस घरातून जायचा. शेंगदाणे गेले, डाळ गेली, केळंसुद्धा गेलं. उरला भात आणि उकडलेला भोपळा. लेकीला दुखत नाही ही तुझीच कृपा, असं बाई रोज देवाला सांगायची. देव बिचारा काय बोलणार? तो बोलतो माणसांच्या तोंडून, कधी गेलेल्या माणसांच्याही.

सकाळी फ्रॉक उसवलेला होता. कापडाला ओरखडा नाही, आणि निघालेला दोरा काडेपेटीच्या काडीला गुंडाळून मशीनच्या फळीवर ठेवलेला.

बाईने काडी उचलून पाहिली. दोरा असा काडीला गुंडाळायची सवय तिच्या सासूबाईंची. शिवण त्यांनीच शिकवली. वाढत्या पोरीचा कपडा आत घ्यायचा नसतो सूनबाई, सोडायचा असतो, हे त्यांचं पालुपद. त्यांना जाऊन वर्ष उलटलं होतं.

तिने फ्रॉक पुन्हा शिवला. पुन्हा उसवलेला. मग दुहेरी टीप मारली, कात्री कुलपात घातली. तरी सकाळी काडी फळीवर होतीच.

चिमणीला विचारलं, तर पोरगी भोपळा चिवडत सहज म्हणाली, आजी उसवते.

"काय म्हणते आजी?"

"म्हणते, आईला सांग, फ्रॉक होता तेवढाच आहे. चिमणीच कमी झालीय."

बाईने तो उसवलेला फ्रॉक तसाच लेकीच्या अंगात घातला. खुंटीला अडकवल्यासारखा तो लोंबला. गळ्याची हाडं वर आलेली. रोज डोळ्यांसमोर असलेली पोर तिला आज दिसली.

त्याच दिवशी ती डॉक्टरीणबाईंकडे गेली, बोलणी खाल्ली, आणि घरी येऊन दूध तापवलं. चिमणी घटाघट प्यायली. आई तिच्या पोटावर हात ठेवून दिवेलागणीपर्यंत बसून राहिली. पोट शांत होतं. पुढे डाळ आली, केळं आलं, अंडंही आलं. दुखलं ते फक्त गव्हाने. तेवढा एक सोडला.

फ्रॉक काखेत आवळू लागला तेव्हा बाईने स्वतःच मूळची शिवण उसवून तो सोडला. दोरा काडीला गुंडाळला.

"आजीसारखाच," चिमणी म्हणाली.

बाईने काडी फळीवर ठेवली. सकाळी ती तिथे नव्हती. बाईने शोधली नाही.