बरं वाटतं म्हणायचं नाही

ही गोष्ट दोन हजार बावीस सालच्या उन्हाळ्यातली. करोनाचे मास्क लोकांच्या हनुवटीवर उतरले होते, पण खिशातून गेले नव्हते. कुवेतमधल्या जाब्रियातल्या एका खासगी इस्पितळाच्या तळमजल्यावर, बिनखिडकीच्या खोलीत मुक्ता बसायची. मूळची परभणीची. डॉक्टरांनी रोग्यावर काय उपचार केले ते वाचायचे, प्रत्येक गोष्टीला नेमून दिलेला आकड्यांचा कोड लावायचा आणि क्लेम विमा कंपनीकडे पाठवायचा, हे तिचं काम. शेजारच्या टेबलावर नूरबानू. ती रत्नागिरीकडची. दोघींचा डबा एकत्र उघडायचा आणि भांडणही एकत्रच व्हायचं.

त्या दिवशी तुळशीदास नावाच्या रोग्याचा क्लेम परत आला आणि मुक्ताच्या डोक्याचा भुगा झाला.

तुळशीदास सावंतवाडीच्या बाजूचा सुतार. काँट्रॅक्टवर आलेला, महबूल्यात गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहणारा. अंगाने भरलेला गडी. मेंदूभोवती जे पाणी असतं त्याचा दाब वाढून त्याचं डोकं ठणकत होतं आणि नजर अंधुक होत चालली होती. वेळेवर दाब उतरला नाही तर डोळे कायमचे जातील, असं डॉक्टर मजीदनी बजावलं होतं. म्हणून त्यांनी पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढलं. त्यातलं थोडं, रीतीप्रमाणे, तपासायलाही पाठवलं.

आता मेख अशी की या एकाच सुईला दोन कोड. पाणी तपासण्यासाठी काढलं तर एक, दाब उतरवण्यासाठी काढलं तर दुसरा. मुक्ताने दुसरा लावला होता. कंपनीचं म्हणणं, रोग्याला आराम नाही असं तुमचेच डॉक्टर लिहितात. मग उपचार कसला? ही तपासणी. आणि पहिल्या वेळी आराम पडल्याची नोंद नसेल तर दुसऱ्यांदा सुई घालायला मंजुरी नाही.

"अगं, पण कोड हेतूवर असतो ना? गुणावर थोडाच?" मुक्ता म्हणाली.

"मला काय सांगतेस? कंपनीला सांग," नूरबानू लोणच्याची बाटली हुडकत म्हणाली. "त्यांना गुण पण हवा नि हेतू पण हवा. सून बघायला आलेत जसे."

मुक्ता गोंधळली होती ती वेगळ्याच कारणाने. तुळशीदासला तिने स्वतः पाहिलं होतं. पहिल्यांदा आला तेव्हा खोलीतल्या मित्राने त्याचा हात धरून आणलं होतं. सुईनंतर आठवड्याने एकटा आला. पाटी वाचून बरोबर डॉक्टरांच्या दारापाशी थांबला. बाकाचा एक पाय डुगडुगत होता, तर खिशातल्या पुठ्ठ्याची घडी करून त्याखाली सारली आणि बाक हलतंय का ते वाकून पाहिलं. मग आत गेल्यावर, मूळच्या हैदराबादच्या डॉक्टर मजीदनी "कैसा है भाई?" विचारलं तर म्हणाला, "वैसाच है."

आणि आज तो परत मित्राचा हात धरून आला होता. पाणी पुन्हा भरलं होतं. डॉक्टर वैतागले होते. "पहिल्या वेळी काडीचा फरक पडला नाही म्हणतो. मग उगाच का टोचू? आणि डोळ्यांच्या डॉक्टरची तारीख पुढच्या महिन्यात. तोवर नजर राहते का, कुणास ठाऊक."

मुक्ताला राहवेना. ती बाहेर येऊन तुळशीदासच्या शेजारी बसली. "भाऊ, मागच्या वेळी सुईनंतर बरं वाटलं होतं ना तुम्हाला?"

"नाय ओ ताई. तसाच आसा."

"अहो, मी पाहिलं की! एकटे आला होतात."

"इल्लंय, एकटोच."

"पाटी वाचलीत."

"वाचलंय."

"मग?"

"तसाच आसा," तो मान खाली घालून म्हणाला. मित्र छताकडे बघत राहिला.

मुक्ता खोलीत परतली. "बाई गं, कुणाचं खरं मानावं? डोळ्यांनी पाहिलं ते, की तो बोलतो ते, की लिहिलंय ते? आपल्या कामात नियमच आहे, लिहिलं नाही ते झालं नाही. मी पाहिलेलं कुठल्या कोडात घालू?"

नूरबानूने घास खाली ठेवला. "गावी नवस बोललाय काय तो?"

"आता नवसाचा इथं काय संबंध?"

"विचार तर."

दोघी बाहेर बाकापाशी गेल्या. विचारल्यावर मित्राने सगळं सांगितलं. तुळशीदासने गावच्या देवाला नारळ बोलला होता. सुईनंतर डोळे उघडले, तसं त्याने लगेच बायकोला, अक्षदाला, फोन करून नारळ ठेवायला सांगितलं. पण नेमकं घराण्यात सुतक पडलं. सुतक फिटल्याशिवाय नारळ ठेवता येईना, आणि नारळ ठेवल्याशिवाय 'बरो झालंय' असं तोंडाने म्हणायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. म्हटलं की देव दिलेलं काढून घेतो.

"आणि बघा," तुळशीदास हळूच म्हणाला, "मी म्हटलंय नाय, तरी काढून घेतल्यानच."

"देवाने नाही हो, पाण्याने!" मुक्ता ओरडली. मग तिलाच कळेना, आपण कुणाशी वाद घालतोय.

"आमच्याकडे पण आजी असंच करायची," नूरबानू म्हणाली. "ताप उतरला तरी म्हणायची, आहे तसाच. अगं, त्याला बरं आहे का विचारूच नका. काय काय केलंस ते विचारा."

मुक्ता डॉक्टरांकडे गेली. ते आधी हसले, मग चिडले, मग म्हणाले, "बुलाओ."

"सुई के बाद काम किया?"

तुळशीदासचा चेहरा खुलला. "किया ना साब! कपाट का खण बनाया. पेन्सिल का रेघ दिखता था, एकदम बारीक. करवत सीधा गया."

"सिरदर्द?"

"रात को उठा नहीं. सकाळ तक सोया."

"कितने रोज?"

"जब तक फिर धुंदला नहीं हुआ, तब तक."

डॉक्टर भराभर लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी पेन रोखलं. "मतलब आराम हुआ?"

"वो मैं नहीं बोला," तुळशीदास घाबरून म्हणाला.

मित्राला हसू फुटलं. मुक्ताने तोंडाला पदरासारखी ओढणी लावली. लिहिलेलं कंपनीकडे गेलं, वर डॉक्टरांनी फोन करून आवाज चढवला, आणि दुसऱ्याच दिवशी मंजुरी आली. दुसरी सुई झाली. तुळशीदास बाहेर आला तेव्हा मुक्ताने त्याला काही विचारलं नाही. नुसतं हसली.

पुढे आणखी काही वेळा पाणी काढावं लागलं. गोळ्या, समुद्राकाठचं चालणं आणि भात कमी करणं यांनी त्याचं वजन उतरलं, दाब ताळ्यावर आला. डाव्या डोळ्याची कड मात्र अंधुकच राहिली. काँट्रॅक्ट संपल्यावर तो गावी गेला आणि दारात सुतारकामाची शेड घातली. हिशेबपाणी अक्षदा बघते. डॉक्टर मजीद हैदराबादला परतले. नूरबानू गुडघ्यांमुळे नोकरी सोडून रत्नागिरीला मुलीकडे राहते आणि मुक्ताला रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवते. मुक्ता अजून तिथेच आहे, सबाह अल-सालेम भागातल्या घरातून रोज बसने येते. पहिल्या सुईचा क्लेम तपासणी म्हणून मिटला, दुसरीचा उपचार म्हणून. माणूस तोच, कणा तोच, टोचणारा हातही तोच. तिने कंपनीला पत्र लिहून कारण विचारलं. कंपनीने उत्तर पाठवलं. तेही तिला कळलं नाही.