चिकू सकाळी आले

ललितच्या पोटात दुखत होतं, आणि त्यावर ओव्याचा उपाय नव्हता. दुखण्याचं नाव स्वाती.

दोघंही पालघरच्या कॉलेजात इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ललित एडवणचा, घरची चिकूची वाडी, हातात पहिल्या वर्षापासून लॅपटॉप. स्वाती विक्रमगडकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची, होस्टेलात राहून शिकलेली. कंट्रोल सिस्टिमचं गणित फळ्यावर पडलं की ललित सूत्र शोधत बसायचा, आणि ही बया मागच्या बाकावरून उत्तर सांगून मोकळी. मास्तर खूश, वर्ग खूश. ललितही हसून टाळ्या वाजवायचा, आणि त्या टाळ्या त्याच्याच हाताला झोंबायच्या.

आता तर बोईसरच्या एका कारखान्यात शिकाऊ इंजिनिअरची एकच जागा होती. तिथले सावे साहेब स्वतः प्रोजेक्ट बघून दोघांतून एकाला उचलणार होते. ललितने टाकीतल्या पाण्याची पातळी राखणारं यंत्र केलं होतं, अगदी पुस्तकात असतं तसं. स्वातीने केली होती चिकूच्या फोडी वाळवायची पेटी. चिकू मात्र ललितच्याच वाडीतले येणार होते. तिने मागितले, याने मोठ्या मनाने हो म्हटलं आणि मग स्वतःलाच शिव्या घातल्या.

पेटीचं काम एवढंच, की आतली उष्णता साठ अंशांवर धरून ठेवायची. त्यासाठी तिला एक नॉब होता, गेनचा, म्हणजे यंत्राने किती जोर लावायचा त्याचा. गेन कमी ठेवला तर यंत्र आळशी, तापायला उशीर. जास्त ठेवला तर उतावीळ, साठच्या वर-खाली झोके घेत बसतं. स्वातीने रिकाम्या पेटीवर तो नीट लावून ठेवला होता.

सावे साहेब येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी लॅबमध्ये कुणी नसताना ललितने पेटी चालू केली आणि तो नॉब चांगला पिळला. आकडा साठ ओलांडून सत्तरीला गेला, खाली घसरला, पुन्हा उसळला. ललितला इतकं बरं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली. लाज वाटली खरी, पण नॉब काही त्याने मागे फिरवला नाही.

सकाळी वडिलांनी टेम्पोतून चिकू पाठवले. स्वातीने फोडी करून ट्रे गच्च भरले. सावे साहेब आले, पेटी सुरू झाली. आकडा चढत गेला, साठपाशी आला आणि शहाण्या बाळासारखा तिथेच बसला. ओल्या फोडी उष्णता पीत होत्या, त्यांना एवढाच जोर हवा होता. लोक गणपती करायला जातात आणि मारुती होतो. ललित मारुती करायला गेला, तर गणपती होऊन बसला.

"गेन छान निवडलास," साहेब स्वातीला म्हणाले.

"मी नाय निवडला, सर. माझा फार कमी होता. काल ललितला नॉब फिरवताना मी खिडकीतून बघितलं. म्हटलं, त्याने कायतरी विचार करूनच केलं असेल. म्हणून मी हात नाय लावला."

साहेब ललितकडे वळले. "का वाढवलास रे?"

खरं बोलायची संधी समोर उभी होती, ललितने तिला जाऊ दिलं. "ओला माल असला की जास्त जोर लागतो, सर."

उत्तर बिनचूक होतं. त्याला ते त्याच क्षणी सुचलं होतं.

जागा ललितला मिळाली. पहिली टाळी स्वातीने वाजवली, मान मात्र खाली घालून.

दुपारी ती ट्रे काढत होती आणि ललित उगाच आसपास घुटमळत होता. पेटी रिकामी झाली, पण चालूच राहिली होती. आकडा सत्तरीला गेला, घसरला, पुन्हा उसळला. स्वाती हातातला ट्रे तसाच धरून बघत राहिली.

"ललित," ती हळू म्हणाली, "चिकू तर आज सकाळी आले. काल पेटी रिकामी व्हती. हे झोके बघूनपण तू नॉब तसाच ठेवलास."

तिने नॉब मागे फिरवला, पेटी बंद केली आणि ट्रे त्याच्या हातात दिला.

"तुझ्या वाडीचे हायत. घेऊन जा."

ती गेली. ललित ट्रे धरून उभा राहिला. लाज वाटायला हवी होती, आणि तीही वाटली. पण त्याआधी, सवयीने, पोटात तेच जुनं दुखणं उठलं, की हेसुद्धा हिलाच कळलं.