शेजारच्या सीटचा दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. घराचा नव्हे, मोटारीचा. चालकाच्या शेजारच्या सीटचा. दचकलात? मग जरा लांबच उभे राहा. कारण आतून बोलतो तो मीच की आणखी कुणी, यावर अजून वाद आहे. खरं सांगू? माझं मलाही धड कळलेलं नाही.

जन्म कारखान्यातला. सपाट पत्रा दाबाखाली गेला आणि मी होऊन बाहेर पडलो. पोटात एक आडवी लोखंडी दांडी बसवली. ती कुणाला दिसत नाही, तिचं कौतुकही कुणी करत नाही. बाहेरून धडक बसली तर आतल्या माणसाला सांभाळायचं, एवढंच तिचं काम. लोक बघतात रंग. मीही तेव्हा रंगावरच खूश होतो. गडद निळा! ऊन पडलं की काय ऐट असायची माझी!

ज्या घरी गेलो तिथे तिघं. आई, बाबा आणि त्यांची लेक. बाबा तिला लाडाने 'ठमाबाई' म्हणत. गाडी आई चालवायची. बाबा माझ्या शेजारी बसायचे, कोपर खिडकीवर टाकायचे आणि फुकटचे सल्ले द्यायचे.

"अगं, गिअर बदल. बिचारी रडकुंडीला आलीये."

"तुम्ही उतरा आणि चालत या," आई म्हणायची.

कुणी मला धाडकन लावलं की बाबा खवळायचे. "काय गं, सात जन्मांचं वैर आहे का त्या दरवाजाशी?" असं माझ्या बाजूने भांडणारं दुसरं कुणी नव्हतं. माझा फार जीव होता त्यांच्यावर.

मग ती दुपार. चौकात माझ्या अंगावर टेम्पो आला. चूक टेम्पोवाल्याची होती, सगळ्यांनी तसंच सांगितलं. आईला ते अजून पटलेलं नाही. मी अडवलं, जेवढं जमलं तेवढं. कमी पडलं. बाबांचा खांदा माझ्यावर टेकला, ते एकदा बारीक कण्हले, आणि मग काहीच नाही. ते कण्हणं मात्र माझ्या अंगात शिरल्यासारखं झालं.

बरेच महिने गाडी तशीच झाकून ठेवली होती. मग एकदाची गॅरेजात आली. सोबत लेक होती आणि बाबांचे धाकटे भाऊ. "वहिनी, फार विचार करू नका. दरवाजा बदलून टाका."

मिस्त्रीने माझ्यावर तळहात फिरवला. "बदललेला बरा. तसा पत्रा फाटलेला नाही, सरळ होईलही."

आईने तेवढंच ऐकलं. "मग सरळ करा. बदलायचा नाही. आणि आतलं अस्तर उघडायचं नाही. दरवाजाच्या खिशात त्यांचा कंगवा आहे, चष्म्याचं घर आहे. आहे तसंच राहू दे."

मिस्त्रीची रीत अशी की आधी उघडायचं, मग ठोकायचं. पण आईच्या चेहऱ्याकडे बघून त्याने रीत गुंडाळून ठेवली. इथेच घोड्याने पेंड खाल्ली. त्याने मला बाहेरूनच ओढून सरळ केलं, खड्डे भरले, घासलं, रंगवलं. मी असा देखणा झालो की धाकटे भाऊसुद्धा म्हणाले, "वा मिस्त्री, कमाल केलीत!"

परत निघालो, लेक माझ्या शेजारी बसलेली. पहिल्याच खड्ड्यात माझ्या पोटातून आवाज आला. बारीक. कण्हल्यासारखा.

आईने गाडी बाजूला घेतली. "ऐकलंस?"

"बाबा," लेक पुटपुटली.

त्या दिवसापासून आई उभ्या गाडीत येऊन बसायला लागली. मला हळूच उघडायची, हळूच लोटायची. मी कण्हलो की म्हणायची, "बोला ना. रागावलात का माझ्यावर?" काय सांगू तिला? आवाज माझाच होता, पण सूर त्यांचा होता. माझ्याच अंगावर काटा यायचा.

लेकीला ती रोज त्याच सीटवर बसवायची. "तिथेच बस गं. ते आहेत तिथे." पोर बसायची, पण गुडघे माझ्यापासून लांब वळवून. शेवटी तिला राहवलं नाही. ती एकटीच गॅरेजात गेली. "काका, दरवाजातून बाबांचा आवाज येतो. आईला बरं वाटतं. मला मात्र भीती वाटते हो."

मिस्त्रीचा चेहरा उतरला. तो हातातलं काम टाकून तिच्याबरोबर घरी आला.

"ताई, अस्तर उघडू द्या."

"नाही म्हटलं ना!"

"ताई, आतली दांडी तुटली असणार. ती घासते, तो हा आवाज. तेव्हाच उघडायला हवं होतं मी. उद्या कुणी धडकलं तर हा दरवाजा पुठ्ठ्यासारखा दुमडेल. आणि तिथे पोरगी बसते तुमची."

आईने मला हळूच लोटलं, पुन्हा उघडलं. मग म्हणाली, "बदलला की आवाज जाईल?"

"जाईल."

"म्हणजे मी त्यांना दुसऱ्यांदा घालवायचं."

"आई," लेक रडत म्हणाली, "अगं, मी आहे ना!"

आईने तिच्याकडे पाहिलं. किती दिवसांनी धड पाहिलं, कोण जाणे. मग माझा खिसा तिने स्वतःच्या हाताने रिकामा केला. कंगवा पदरात धरून ठेवला. मिस्त्रीने अस्तर काढलं. दांडी आरपार चिरली होती.

नवा दरवाजा बसला. आईने तो जोरात लावला, उघडला, पुन्हा लावला. त्यातून काहीच आवाज आला नाही. तेव्हा ती तिथेच खाली बसून मोठ्याने रडली, आणि लेकीने तिला रडू दिलं.

"हा भंगारात जाईल," माझ्याकडे बघत मिस्त्री म्हणाला. "रंग नवा आहे, लगेच कुणीतरी उचलेल."

आईने डोळे पुसले. "उचलेल म्हणजे? दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागेल?"

"लागेल. वरून कळणार कुणाला?"

"मग कापा. मधोमध कापा, माझ्यासमोर."

कटर माझ्या पोटातून गेला. दोन तुकडे जमिनीवर पडले, कटर बंद झाला, आणि आई कान देऊन उभी राहिली. मला वाटलं होतं, मी कण्हेन. तेही कण्हतील. पण आम्ही दोघांनीही हूं की चूं केलं नाही.

आता मी गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकून आहे, दोन तुकड्यांत. बाबा माझ्यात होते की नव्हते, देव जाणे. असतील तर त्यांनी त्या दिवशी मुद्दामच तोंड मिटलं असणार. आणि तुम्हाला एक विनवणी. गेलेल्या माणसाने हाक दिली असं वाटलं, तर रडा, ऐका, काय हवं ते करा; पण आधी शेजारच्या सीटवर कोण बसलंय ते बघा.