चुन्याच्या खड्यात बांधलेली कळ

जामसरच्या पाड्यावर रामीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आत तिची लेक प्रगती पहिल्या बाळंतपणाच्या कळा सोसत होती, आणि बाहेर जिवा भगत त्या कळा दगडात भरत होता!

"पोरीची कळ बांधली रं बांधली!" भगत गरजला. परातीतल्या पांढऱ्या दगडावर त्यानं पाण्याचा तांब्या उपडा केला. दगड फुसफुसला, तडकला, वाफा सोडू लागला. "बघा, कशी तडफडते! आता दवाखान्याची सुई टोचाल तर दुप्पट होऊन पोटात शिरंल."

आत प्रगतीचं कण्हणं खरंच थांबलं. बायांनी हात जोडले. जव्हारच्या दवाखान्यात न्यायला आलेली जीप दारातच उभी होती. "कळ बांधली, आता कशाला?" म्हणत रामीनंच ती परत धाडली.

पाच मिनिटं झाली नाहीत तोच प्रगती किंचाळली. "आये, मेले गं! मला सुई पायजे. उज्ज्वलाताईंनी सांगितलेली."

रामी कावरीबावरी झाली. भगतानं शांतपणे झोळीतून दुसरा दगड काढला. "कुणाची तरी नजर आडवी आली."

तेवढ्यात गावची आशा कार्यकर्ती उज्ज्वला धापा टाकत पोचली. दुखणं कमी करायची सुई असते, डॉक्टर तपासून देतात, घ्यायची की नाही ते तू ठरव, असं तिनंच प्रगतीला आठव्या महिन्यात सांगितलं होतं.

"बाबा, हा दगड कोरडाच राहू द्या," ती म्हणाली. "रामीमावशी, मोबाइलमधलं घड्याळ बघ."

कळ आली, चढली, मिनिटभरात ओसरली. पाणी नाही की मंत्र नाही.

"कळ अशीच येते नि जाते. बाबा नेमकं ती ओसरताना पाणी ओततात." मग उज्ज्वलानं स्वतः दुसऱ्या दगडावर पाणी टाकलं. तोही उकळला. "आता ह्याच्यात कुणाची कळ गेली? माझी? हा बाजारातला पाणी न लागलेला चुना. पाणी पडलं की तापतो."

भगत घाईघाईनं खडा उचलायला गेला आणि बोट पोळून ओरडला. जगाची कळ बांधणाऱ्याला स्वतःचं बोट काही वाचवता आलं नाही!

पण रामीला हसू कुठून येणार? जीप एव्हाना दुसऱ्या पेशंटकडे गेली होती. फोनवर फोन केले, दुसरी यायला दोन तास लागले. उज्ज्वला प्रगतीला सावकाश श्वास घ्यायला लावत होती, रामी तिची कंबर चोळत होती. चोळण्यापलीकडे तिच्या हातात काहीच उरलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तपासलं. "बाळ येतंच आहे. आता सुई दिली तर त्याला श्वास घ्यायला जड जाईल. दोन तास आधी आला असता तर दिली असती."

प्रगतीनं मान वळवून आईकडे पाहिलं. रामीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मुलगी झाली, खणखणीत रडली. सगळे हसले. रामी मात्र कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसली.

पंधरा दिवसांनी शेजारची कोंडी आली. तिच्या सुनेचे दिवस भरत आले होते. "रामे, भगताला सांगून ठेवू काय गं?"

"आधी जीपवाल्याला सांगून ठेव," रामी म्हणाली. "जीप आली की दारातनं हलू देऊ नको. सुई घ्यायची का नाय ते सुनेला विचार, डॉक्टरला विचार. दुखतं ते तिला, कोंडे. दगडाला काय विचारतेस?"