माझी शेपूट आखूड होणार नाही

मी शेपटीवालं हेल्मेट बोलतोय. हसायचं असेल तर हसून घ्या एकदाचं.

पोहणं, सायकल आणि धावणं अशा तिहेरी शर्यतीसाठी मला घडवलं. पुढून गोल, मागून लांब निमुळता. स्वाराची मान स्थिर राहिली की माझी शेपूट पाठीला टेकते आणि वारा अलगद निसटतो. मान खाली पडली की शेपूट वर उभी राहते आणि वारा मलाच धरतो. हा माझा दोष मी लपवत नाही.

बेळगावच्या दुकानात दोन वर्षं फळीवर काढली. येणारा मला डोक्यावर चढवायचा, आरशासमोर फोटो काढायचा आणि आखूड हेल्मेट घेऊन जायचा. मला भयंकर राग यायचा.

मग कुंभारवाडा गावची केशर आली. तिनं आरशात पाहिलंच नाही. सायकलवर बसल्यासारखी वाकली, मान डावी-उजवीकडे फिरवली आणि म्हणाली, "ह्योच बसतोय."

घरी तिच्या आईनं, तारानं, मला उलटा घातला. शेपूट नाकापुढं! "पावसात बरा हाय गं," ती म्हणाली. हा अपमान मी गिळला.

पण तिचे शिक्षक विनायक सर मला बघताच भडकले. "हे परत कर. चढावर भल्याभल्यांच्या माना पडतात. शर्यत आठ दिवसांवर आलीय. आखूड घेतलंस तरच तुला उतरवीन."

मी पुन्हा दुकानाच्या खोक्यात. पण केशर हटली नाही. "सर, एकदा मागनं बघा की. मान पडली तर मीच परत करतो का न्हाई बघा."

दुसऱ्या सकाळी सुपा धरणाच्या रस्त्यावर ती पुढं, सर मोटारसायकलवर मागं. चढ आला. तिचा श्वास फुलला, मांड्या थरथरल्या, घाम माझ्या पट्ट्यातून गळू लागला. आता पडेल मान, या भीतीनं मी घट्ट बसलो होतो. मान पडली नाही. शेवटच्या वळणापर्यंत माझी शेपूट तिच्या पाठीवरून हलली नाही.

"ही मान कुणी शिकवली हिला?" सरांनी घरी येऊन विचारलं.

तारानं खुंटीवरची चुंबळ काढून दाखवली. ओझ्याखाली डोक्यावर ठेवतात ती, जुन्या लुगड्याची. "धा वर्साची असल्यापास्नं भाताचा भारा आणतीया ती. मान पडली तर भारा पडंल न्हवं?"

 सरांनीच माझं खोकं उचलून चुलीजवळ जळणात टाकलं.

शर्यतीत सायकलवर आम्ही अकरा आखूड हेल्मेटं मागं टाकली. केशर पाचवी आली. पळताना दोघी पुढं गेल्या, तेव्हा मी तिच्या डोक्यावर नव्हतो, एवढं ध्यानात ठेवा.

आता माझ्यावर ओरखडे आहेत, पट्टा विटलाय. त्याच खुंटीवर, चुंबळीशेजारी मी लटकतो. हेल्मेट निवडायला जाल तेव्हा आरशाकडे पाठ करा, आपली मान बघा. आणि केशरला मला बदलायला सांगायचं असेल, तर आधी भाताचा एक भारा डोक्यावर घेऊन बांध चढून दाखवा.